गंजगोलाईची ट्रॅफिक संगणकावर चालवताना: नकाशा, सुमो आणि हातगाड्या

मांजराकाठ

लातूरच्या गंजगोलाईचं आणि तिला येऊन मिळणाऱ्या रस्त्यांचं मॉडेल संगणकात उभं करतोय. नोकरीचा भाग नाही. स्थापत्यच्या पोरांना वाहतूक अभियांत्रिकी शिकवताना फळ्यावर चार हातांचा चौक काढून काढून कंटाळा आला, म्हणून. पुस्तकातला चौक काटकोनात असतो. आमच्या गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी १९१७ साली आखलेली ही बाजारपेठ. मधोमध १९४५ सालची दुमजली गोल इमारत, तिच्यात अंबाबाईचं मंदिर, आणि चहूबाजूंनी रस्ते. एका रस्त्याला सोनं, एकाला चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. निजामाच्या राज्यात ही आखणी झाली तेव्हा मालाची गाडी म्हणजे बैलगाडी, आणि त्या हिशेबानं हे रस्ते चांगले ऐसपैस होते.

नकाशा घेतला ओपनस्ट्रीटमॅपचा. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला, स्वयंसेवकांनी काढलेला जगाचा नकाशा; कच्चा डेटा कुणालाही उतरवून घेता येतो. त्यावर गाड्या पळवायला सुमो. (ती जीप नाही, जी उदगीर-लातूर वडाप करते.) जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ आणि विमान संशोधन संस्थेनं २००१पासून वाढवलेला हा प्रोग्राम आहे, फुकट आणि मुक्तस्रोत. त्यातली प्रत्येक गाडी वेगळी असते. प्रत्येक जण पुढच्याचा वेग आणि मधलं अंतर बघून सेकंदासेकंदाला आपला वेग ठरवतो. त्याच्यासोबत एक विझार्ड येतो. नकाशावर चौकोन ओढायचा, बटण दाबायचं, की पडद्यावर गाड्या धावायला लागतात.

फक्त त्या गाड्या लातूरच्या नसतात. एक तर त्या उजव्या बाजूनं धावतात. 'लेफ्टहँड' या पर्यायावर टिक केली नाही तर गोलाईभोवती वाहनं घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतात, म्हणजे अंबाबाईला उलटी प्रदक्षिणा. हे एका टिकेत सुटतं. दुसरी गोष्ट सुटत नाही. नकाशातल्या रस्त्याला रुंदी नसते, ती नुसती रेघ असते. लेन किती हे कुणी टिपलेलं नसेल तर प्रोग्राम रस्त्याच्या प्रकारावरून ठरवून टाकतो. लेन ३.२ मीटरची, आणि वस्तीतल्या रस्त्यालासुद्धा वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर. सराफ लाइनीत ताशी ५०!

एका दुकानासमोरचा तुकडा टेप लावून मोजला. आधी दुकानाची पायरी. पायरीपुढे फळीवर मांडलेला माल. मालाला खेटून दुचाकींची तिरपी रांग. रांगेला खेटून हातगाडी. हातगाडीपुढे वाकून भाव करणारं गिऱ्हाईक. त्या गिऱ्हाइकाच्या पाठीमागे जे उरतं तो रस्ता, आणि समोरच्या बाजूनंही हीच गोष्ट उलटीकडून सुरू होते.

तेव्हा माझं म्हणणं असं, की आपल्याकडच्या शहराचं मॉडेल करायचं तर कागदावरची रुंदी बाजूला ठेवावी आणि कुठल्या वेळी किती रुंदी उरते ते धरावं. सकाळी शटर उघडायच्या आधीचा रस्ता वेगळा, दुपारचा वेगळा, दिवेलागणीनंतरचा वेगळा. मी रस्त्यांच्या एकाच जाळ्याच्या तीन आवृत्त्या केल्यात. अडलंय ते हातगाड्यांपाशी. त्या मॉडेलात कशा घालाव्यात? आणि गाड्यांची मोजणी रस्त्यांच्या एवढ्या तोंडांवर कशी करायची? मराठवाड्यात आणखी कुणी असले उद्योग केलेत का?

---

रेणापूर_नाका

धागा वाचनखुणांत टाकलाय. उलटी प्रदक्षिणा वाचून फुटलो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

पीसीयू

मूळचा उदगीरचा, सध्या पुण्यात वाहतूक सल्लागार कंपनीत पोटापाण्याला. सर, छान विषय काढलात.

हातगाडीचं सोपं आहे. तिला अडथळा समजू नका, वाहनच समजा. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद असा एक वाहनप्रकार करा, त्याला ठरल्या जागी 'थांबा' द्या आणि थांब्याचा कालावधी पाच तासांचा टाका. झाली उभी.

पण त्याआधी सबलेन मॉडेल चालू करा, नाहीतर सगळं फसेल. सुमो मुळात लेनवर चालतं. एका लेनमध्ये शेजारीशेजारी दोन वाहनं मावतच नाहीत, स्कूटी असली तरी ती अख्खी लेन घेते. मग तुमची एक हातगाडी अख्खा रस्ता बंद करते. 'लॅटरल रिझोल्यूशन' नावाची किंमत ०.८ किंवा ०.४ मीटर दिली की लेनचे उभे पट्टे पडतात आणि दुचाकी फटीतून निघायला लागते. दुचाकीला आडवं अंतर कमी द्या, आणि लेनमध्ये ती कुठेही चालेल अशी सूट द्या.

याच सबलेनमध्ये 'पुशी' म्हणून एक गुणांक आहे, शून्य ते एक. बाजूच्याला रेटून आत घुसायची तयारी किती, ते. मूळ किंमत शून्य. आपल्या रिक्षावाल्यांना किती द्यायचा हे ज्यानं त्यानं आपल्या अनुभवानं ठरवावं.

---

भुसारवाला

नमस्कार मंडळी. आमची पेढी गोलाईपासून हाकेच्या अंतरावर, आजोबांपासून. संगणकातलं मला काही समजत नाही, पोरानं हे वाचून दाखवलं.

सर, तुम्ही हातगाड्या मोजायलाव, चांगली गोष्ट आहे. पण हमाल कुठं आहेत तुमच्या संगणकात? आमच्या दारात मालाचा टेम्पो उभा राहतो तो पार्किंग म्हणून नाही राहत. पोती उतरेपर्यंत राहतो. दोन हमाल असले तर लवकर निघतो, एकच आला तर तासभर हालत नाही. त्याच्यामागं दुसरा टेम्पो हॉर्न वाजवत उभा. ही खरी ट्रॅफिक. फळवाल्याची हातगाडी तर पोलीस आला की सरकती, टेम्पो कुठं सरकतो?

अन् वेळेचं म्हणाल तर सोयाबीनचा सीझन धरा. दिवाळीच्या मागंपुढं आडत बाजाराकडं जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग बघा, मग कळंल. उन्हाळ्यात मोजून गेलाव तर सगळं सुरळीतच दिसायचं.

---

मांजराकाठ

@भुसारवाला: काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. टेम्पोचा थांबा हमालांवर अवलंबून, हे कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. थांब्याचा वेळ ठरावीक न ठेवता कमीजास्त होणारा ठेवतो. सुमोत प्रत्येक टेम्पोला थांब्याचा वेगळा वेळ देता येतो. एक विनंती, तुमच्या दारात माल उतरायला साधारण किती वेळ लागतो ते चारदोन दिवस पोराला वहीत टिपायला सांगाल का? वेळ आणि हमालांची संख्या, एवढंच.

@पीसीयू: ट्रॅक्टरचा विषय निघालाच आहे तर पीसीयूचं सांगा. नावच घेतलंय तुम्ही.

---

पीसीयू

:) सांगतो. पीसीयू म्हणजे पॅसेंजर कार युनिट. सगळी वाहनं कारच्या मापात आणायची. इंडियन रोड्स काँग्रेसचं (आयआरसी) शहरी रस्त्यांच्या क्षमतेचं मार्गदर्शक, क्रमांक १०६, १९९० सालचं, त्यात तक्ता आहे. कार १. दुचाकी ०.५, पण रहदारीत तिचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं की ०.७५. ऑटोरिक्षा १.२, प्रमाण वाढलं की २. ट्रक-बस २.२ ते ३.७. ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५. आणि सर, तुमची लाडकी हातगाडीही आहे: २ ते ३. टांगासुद्धा आहे, १.५ ते २.

म्हणजे भुसारवाले काकांची एक ट्रॉली चार-पाच कार एवढी जागा खाते, हे १९९०पासून कागदावर आहे. २०१७ साली केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं (सीआरआरआय) इंडो-एचसीएम हे रस्त्यांच्या क्षमतेचं पुस्तक काढलं, भारतीय रस्त्यांवर मोजून, ते जास्त ताजं आहे.

एक सावधगिरी. पीसीयू हे कागदावरच्या हिशेबासाठी. सुमोत आकडे पीसीयूत रूपांतर करून घालू नका, तिथे दुचाकी म्हणून दुचाकीच सोडा. दोन्ही केलं तर एकाच गोष्टीचा हिशेब दोनदा होतो. असे अहवाल मी पाहिलेत, कुणाचे ते सांगत नाही.

---

नीलाक्षी_नांदेड

सर, मी एमटेकला आहे, नांदेडला. प्रोजेक्टसाठी वजिराबाद भागाचं असंच मॉडेल करतेय. माझ्याकडे वेगळीच अडचण आहे. चौकात गर्दी गच्च होते, लाल लाल गाड्या दिसतात, आणि थोड्या वेळानं आपोआप मोकळं होतं. सिग्नल नाही, पोलीस नाही, काहीच नाही. गाइड म्हणतात रिझल्ट चांगलाय. मला पटत नाहीये.

---

पीसीयू

न पटणं बरोबर आहे. याला टेलिपोर्ट म्हणतात. सुमोत एखादी गाडी सलग ३०० सेकंद जागची हलली नाही तर प्रोग्राम तिला उचलतो आणि पुढे जिथे जागा असेल तिथे ठेवतो. सिम्युलेशन कायमचं अडकू नये म्हणून ठेवलेली ही सोय आहे. 'टाइम टू टेलिपोर्ट' उणे एक करा, बंद होईल. मग कदाचित तुमचा अख्खा वजिराबाद गोठेल, पण निदान कुठून गोठतोय ते दिसेल.

टेलिपोर्ट चालू ठेवायचाच असेल तर शेवटी किती गाड्या उचलल्या गेल्या तो आकडा अहवालात छापा. गाइडना तो आकडा दाखवा.

आणि गोठण्याचं कारण बहुतेक वेळा नकाशातच असतं. एकेरी रस्ता उलटा, डावं वळण जोडलेलंच नाही, किंवा दुभाजकामुळे एकच चौक तीन-चार छोट्या चौकांत फुटलेला. सुमोसोबत नकाशा दुरुस्त करायला नेटएडिट येतं, त्यात उघडून प्रत्येक चौकातल्या जोडण्या डोळ्यांनी तपासा. कंटाळवाणं काम आहे, पर्याय नाही.

---

नीलाक्षी_नांदेड

दुभाजकच निघाला! थँक्यू सर. चार तुकडे एकत्र केले.

---

मांजराकाठ

नीलाक्षी, तुकडे जोडायला आपोआप जोडणीचा पर्यायही आहे. दहा मीटरच्या आतले चौक तो एकत्र करतो. मोठ्या दुभाजकाच्या रस्त्याला तो वरदान आहे. गोलाईला मात्र मी तो बंद ठेवलाय. रस्त्यांची तोंडं इतकी जवळ, की दोन-तीन तोंडं मिळून एक विचित्र आकाराचा चौक तयार होतो आणि वर्तुळाला पोक निघतं. गोल रस्त्यावर असलेल्याला आधी हक्क, हा नियमही मग तुटतो.

---

सिडकोवासी

संभाजीनगरहून. सिडको, एन-९.

तुमचं सगळं बरोबर, पण एक पायरी आधीची सांगतो, जी फार स्वस्त आहे. गाड्या न सोडता, मोजणी न करता, नुसत्या रस्त्यांच्या आकारावरून बरंच कळतं. पायथन या संगणकभाषेत ओएसएमएनएक्स नावाची लायब्ररी आहे, शहराचं नाव दिलं की ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्त्यांचं जाळं गणिती आलेख म्हणून आणून देते. त्यावर 'बिटवीननेस' काढायची. शहरातल्या प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी जायचे सगळ्यात जवळचे मार्ग काढा, आणि त्यातले किती मार्ग या रस्त्यावरून जातात ते मोजा. लंडनच्या यूसीएल विद्यापीठात बिल हिलियर आणि मंडळींनी स्पेस सिंटॅक्स म्हणून जी पद्धत उभी केली तिचा विचारही याच्या जवळचाच: आधी जाळ्याची ठेवण, मग रहदारी.

आमच्या शहराचं केलं तर दोन गोष्टी ठळक निघतात. एक जालना रोड, ते कुणीही चहाच्या टपरीवर सांगेल. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल, सिडको, अशा उड्डाणपुलांच्या रांगेतूनही ते कळतं. दुसरी गोष्ट जास्त गमतीची, ती म्हणजे खाम नदीवरचे पूल. मकई दरवाजा, पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा, बारापुल्ला. मलिक अंबरानं १६१० साली खडकी वसवली. त्यानंतर मोगलांच्या काळात तटबंदी झाली, दरवाजे झाले. नदी ओलांडायची तर दरवाज्यातून, आणि दरवाजे मोजके. त्यामुळे नकाशात त्या दरवाज्यांजवळच्या दोनचारशे फुटांच्या तुकड्यांवर आकडा एकदम उसळतो. दरवाजे शत्रूला मोजूनमापून आत घेण्यासाठीच बांधलेले, आणि ते अजूनही आपलं काम चोख करतायत.

उलट सिडकोत आमच्या एन-९, एन-११ला आतल्या रस्त्यांवर आकडा पसरून जातो. एक बंद झाला तर शेजारचा आहे.

---

खडूस_आजोबा

सगळं वाचलं. मॉडेल, सॉफ्टवेअर, ग्राफ. चाळीस वर्षं बांधकाम खात्यात काढली, आकड्यांची भीती नाही मला, आकड्यांवरच्या श्रद्धेची आहे. सिडकोवाल्यांचं ते बिटवीननेस. 'प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी' कोण जातं हो? लातुरात शिवाजी चौकाजवळ क्लास सुटले की हजार पोरं एकाच वेळी सायकली आणि स्कूट्या घेऊन एकाच दिशेला बाहेर पडतात. ते तुमच्या आलेखात कुठे आहे? नकाशा तोच, रस्ता तोच, साडेपाचला मोकळा आणि सहाला तुंबलेला.

---

सिडकोवासी

आजोबा, रास्त आहे. म्हणूनच 'एक पायरी आधीची' म्हटलं. जाळं सांगतं की नस कुठे दाबली तर दुखेल. कधी आणि कोण दाबतंय ते सांगत नाही.

---

मांजराकाठ

@खडूस_आजोबा: क्लासचा मुद्दा मलाही सतावतोय. सुमोबरोबर येणारी रँडमट्रिप्स ही स्क्रिप्ट नावाप्रमाणेच यादृच्छिक प्रवास पाडते, कुठूनही कुठेही. जाळं तपासायला ठीक. त्यावरून निष्कर्ष काढणं म्हणजे लातूरला क्लास नाहीत असं समजणं. मी क्लासच्या इमारतींपासून ठरल्या वेळी सुटणारे प्रवाह वेगळे घातलेत: बहुतांश सायकल आणि दुचाकी, काही पायी, आणि फाटकाशी न्यायला आलेले पालक. हे पालक दहा मिनिटं आधीच येऊन रस्त्याच्या कडेला उभे राहतात. भुसारवाल्या काकांच्या टेम्पोचे चुलतभाऊच.

मोजणीचं कुणी काही बोललं नाही अजून. चार रस्त्यांच्या चौकात सरळ, डावं, उजवं मिळून बारा हालचाली असतात. एका पोराला एक बाजू दिली की झालं. सोळा रस्त्यांना सोळा गुणिले पंधरा, २४० होतात. कुठून आला आणि कुठे गेला हे वर्तुळाभोवती डोळ्यांनी धरून ठेवणं अशक्य.

---

पीसीयू

२४० मोजायचेच नाहीत. प्रत्येक तोंडावर आत किती आले आणि बाहेर किती गेले एवढंच मोजा. बत्तीस आकडे. दोन-तीन गच्च्यांवरून मोबाइलवर चित्रीकरण करा आणि पोरांना घरी बसून पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यांनी मोजू द्या. मग राउटसॅम्पलर नावाचं साधन आहे. त्याला शक्य असलेले भरपूर मार्ग द्या आणि हे आकडे द्या. आकडे जुळतील अशा बेतानं ते मार्ग निवडून देतं. उत्तर एकमेव नसतं हे लक्षात ठेवा. बत्तीस आकड्यांत बसणारे २४०चे अनेक संच निघू शकतात. म्हणून मोठ्या तीनचार जोड्या तरी प्रत्यक्ष मोजा, समजा गांधी चौकाकडून आत आणि हनुमान चौकाकडे बाहेर, दुचाकीचे नंबर टिपून.

जुळलं की नाही हे बघायला आमच्याकडे जीईएच नावाचं माप वापरतात. मॉडेल आणि मोजणी यांच्यातल्या फरकाचा वर्ग, त्याची दुप्पट, भागिले दोघांची बेरीज, आणि त्याचं वर्गमूळ. तासाच्या आकड्यांवर ते पाचाच्या आत हवं, निदान ८५ टक्के ठिकाणी. म्हणजे मोजणी ५०० आणि मॉडेल ६१० असेल तर ४.७ येतं, चालतं. ६२० झालं की ५.१, नापास. पासाची रेघ केवढी सैल आहे ते बघा, आणि तरीही लोक नापास होतात.

आणि सुमोचं यादृच्छिक बी (सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून प्रोग्राम आपले यादृच्छिक आकडे पाडतो तो) मुळात ठरलेलं असतं, २३४२३. कितीही वेळा चालवा, तेच उत्तर. बी बदलून पुष्कळ वेळा चालवा आणि उत्तरं किती हलतात ते बघा. एकाच वेळच्या उत्तरावर कुणी उड्डाणपूल मागत असेल तर हात जोडा.

---

रेणापूर_नाका

मोकळ्या रस्त्यावरचा वेग पण लागत असेल ना? तो कसा मोजणार, मोकळा रस्ता आहे कुठे लातुरात?

---

मांजराकाठ

येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं लातूर शेतात असतं, रस्त्यावर कुत्रं नसतं. दुकानं बंद, हातगाड्या बंद, क्लास बंद. गोलाईत मोकळा वेग मोजायला वर्षात तोच एक दिवस.

---

रेणापूर_नाका

आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे सोडून मोजायला थांबणार कोण? तुम्ही?

---

मांजराकाठ

सकाळी लवकर मोजतो आणि मग शेतात जातो. एवढं विज्ञानासाठी.

---

खडूस_आजोबा

हा पहिला शहाणपणाचा प्रतिसाद. आता मला एक सांगा. समजा सगळं जुळलं. पुढे काय? साहेबाच्या टेबलावर लाल-हिरव्या गाड्यांचा व्हिडिओ ठेवणार, साहेब म्हणणार 'वा', आणि फाइल कपाटात. मी अशी कपाटं पाहिलीत.

---

मांजराकाठ

व्हिडिओ एका कार्यालयात दाखवला होता, 'वा' मिळालं. म्हणून आता व्हिडिओ नाही, एक पानाचा हिशेब करतोय. तो इथेही टाकतो, चूक काढा.

सिग्नलचं चक्र किती सेकंदांचं हवं याचं वेबस्टर या वाहतूक संशोधकाचं १९५८चं सूत्र अजून सगळे वापरतात: दिवा बदलताना वाया जाणाऱ्या वेळेची दीडपट अधिक ५, भागिले (१ वजा य). 'य' म्हणजे प्रत्येक बाजूची रहदारी भागिले त्या बाजूची कमाल क्षमता, यांची बेरीज. आणि ती क्षमता धरतात रुंदीच्या मीटरमागे तासाला ५२५ पीसीयू.

आता एक कल्पित चौक घ्या, चार बाजू, चार टप्पे (एका टप्प्यात एका बाजूला हिरवा). प्रत्येक टप्प्याला ४ सेकंद वाया, एकूण १६. प्रत्येक बाजूला ९ मीटर, म्हणजे क्षमता ४,७२५. दोन बाजूंना रहदारी ९४५, त्यांचं गुणोत्तर ०.२ आणि ०.२. उरलेल्या दोन बाजूंना ०.१ आणि ०.१. य झाला ०.६. चक्र साडेबहात्तर सेकंद. छान.

आता त्या मोठ्या दोन बाजूंना हातगाड्या आणि टेम्पो उभे करा. ९ मीटरचे ६ उरले, क्षमता ३,१५०. रहदारी तीच ९४५, पण गुणोत्तर ०.३ आणि ०.३. य झाला ०.८. चक्र १४५ सेकंद. एकही गाडी वाढली नाही आणि सिग्नलचं चक्र दुप्पट. लोक म्हणतात गाड्या वाढल्या. वाढल्याच आहेत, पण या कागदावर नाही वाढल्या.

या हिशेबाला सुमोची गरजही नाही. सुमो लागतं ते पुढच्या प्रश्नाला: हे टेम्पो दोन बाजूंऐवजी एकाच बाजूला उभे करायला लावले, किंवा माल उतरवायची वेळ सकाळी नऊच्या आत आणली, तर रांग कुठवर मागे जाते.

---

पीसीयू

गणित बरोबर. एक भर: ५२५चा आकडा साडेपाच मीटरपेक्षा रुंद बाजूला चालतो, त्याखाली वेगळा तक्ता आहे. गोलाईच्या गल्ल्यांना हा हिशेब लावू नका.

आणि एकेरी रस्त्यांचे प्रयोग करताना ब्राएस आठवा. १९६८ साली डिट्रिश ब्राएस या जर्मन गणितज्ञानं दाखवलं की नवा जोडरस्ता उघडल्यावर प्रत्येकाला आधीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, कारण सगळेच त्या जवळच्या वाटेवर तुटून पडतात. सोळापैकी दोन तोंडं बंद करून बघा. कधीकधी बंद करूनच सुटतं.

---

भुसारवाला

बंद करायचं असंल तर आमचं सोडून करा! चेष्टा केली.

पण माल उतरवायची वेळ नऊच्या आत, हे म्हणायलाव ते होईल का सांगतो. सकाळी हमालांची टोळी आधी आडतीला जाती. तिथला सौदा, तोलाई उरकल्याशिवाय ती आमच्याकडं येत नाही. तुम्ही पोलिसांना सांगून टेम्पो नऊला आणचाल, पण हमाल अकरालाच येणार. दोन तास टेम्पो नुसता उभा. मग आजच्यापेक्षा वाईट व्हायचं.

---

मांजराकाठ

काका, हेच बघायचं होतं. हमाल अकराला येतात असं धरून दोन्ही प्रकार चालवून बघतो: एकात टेम्पोला नऊच्या आत सक्ती, दुसऱ्यात टेम्पोला अकरानंतरच प्रवेश. नवरात्र वगळून, कारण तेव्हा दर्शनाच्या रांगेमुळे सगळेच हिशेब वेगळे.

---

सिडकोवासी

सर, एक विनंती. टेपनं मोजलेल्या रुंद्या, एकेरी रस्ते, दुभाजक हे सगळं ओपनस्ट्रीटमॅपवर परत चढवा, तुमच्या संगणकात ठेवू नका. स्ट्रीटकम्प्लीट हे अँड्रॉइड ॲप आहे, चालता चालता प्रश्न विचारतं, लेन किती, पृष्ठभाग कसला, उत्तर दिलं की नकाशात जातं. पोरांना गृहपाठ म्हणून द्या. फक्त गूगलचा नकाशा बघून इकडे काही उतरवू नका, परवाना आडवा येतो. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं किंवा परवानगी असलेल्या उपग्रहचित्रावरचं, एवढंच.

हातगाड्या आणि टेम्पो मात्र तिकडे चढवू नका. नकाशात कायमचं असेल तेच जातं.

---

भुसारवाला

मग आमच्या चौकातली फळवाल्याची हातगाडी चढवाच. वीस वर्षं झाली, जागची हाललेली नाही.

---

मांजराकाठ

:) वहीचं लक्षात ठेवा काका. पोराला म्हणावं ट्रॉली आली की ट्रॉली लिही, टेम्पो आला की टेम्पो. वही भरली की मी येऊन घेऊन जाईन.